मागे कोणी राहायचे?

सहलीचा बेत ठरू लागला की आमच्या घरात एकाएकी लोकशाही नांदू लागते. एरवी आज भाजी कोणती करावी हे मी कोणाला विचारत नाही आणि केलेल्या भाजीविषयी कोणी मला काही सांगत नाही. पण सहल म्हटली की प्रत्येकाला मत फुटते. गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत कोकणात जायचे ठरले तेव्हाही तसेच झाले. माझ्या शाळेला सुट्टी भरपूर होती; परंतु मुलीला नोकरीतून रजा मिळाली ती चारच दिवसांची. नोकरी लागल्यापासूनची तिची ही पहिली रजा. तेव्हा बेत आखण्याचा मान ओघानेच तिच्याकडे गेला.

तिने एका संध्याकाळी यादी करून टेबलावर ठेवली. पुण्याहून पहाटे निघायचे. मुळशीचे धरण, ताम्हिणी घाट, दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. तिथून बागमांडल्याला मोटारीसकट बोटीत बसून खाडी ओलांडायची आणि पलीकडे वेळास, केळशी, आंजर्ले, हर्णैचा सुवर्णदुर्ग, दापोली. आणि जमलेच तर दाभोळची खाडी ओलांडून गुहागर. अशी अकरा ठिकाणे. प्रत्येक दोन ठिकाणांमध्ये किती वेळ लागेल ते फोनमधल्या नकाशावरून काढून तिने पुढे लिहिले होते. हा नकाशा मोठा नेमका असतो. तो दोन तास पाच मिनिटे म्हणतो. दोन तास दहा मिनिटे म्हणत नाही. वाटेत कोणाला उलटी होईल, कोणाला चहा हवा होईल, कोणी वळणावर नुसतेच उभे राहू म्हणेल, हे त्याच्या हिशेबात नसते.

यादी सर्वांना पसंत पडली. मग मी विचारले, "आणि ठमी?"

ठमी टेबलाखालीच होती. ही आमची कुत्री. तांबूस रंगाची, गावठी, तेव्हा अकरा वर्षांची. स्वतःचे नाव ऐकून तिने शेपटीने फरशीवर दोनदा आपटल्यासारखे केले आणि पुन्हा डोळे मिटले. मोटारीत बसण्याविषयी ठमीचे काही नियम आहेत. चारही चाकांचा वास घेतल्याशिवाय ती आत चढत नाही. दीड-दोन तासांनी तिला उतरावे लागते. घाटाच्या आधी पोटात अन्न असले तर ते पोटात राहत नाही. अशी बाई बरोबर घेतली की नकाशातली पाच मिनिटे कुठे जातात ते सांगायला नको.

शेजारी ठेवावे, की पैसे घेऊन कुत्री सांभाळणाऱ्यांकडे ठेवावे, की घरीच ठेवून कोणाला तरी दोन वेळा भाकरी घालायला सांगावे, अशी चर्चा सुरू झाली. शेवटी हे म्हणाले, "तिला उगाच प्रवासाचा त्रास कशाला? म्हातारी झालीय ती. घरीच सुखात राहील."

हे वाक्य ऐकले आणि माझ्या हातातला चहाचा कप तसाच राहिला. कारण हेच वाक्य, शब्दाशब्दाने हेच, चौदा वर्षांपूर्वी याच घरात उच्चारले गेले होते. ते माझ्या सासूबाईंविषयी होते. आणि ते उच्चारणारी मी होते.

त्या वर्षीही आम्ही असेच कोकणात निघालो होतो. भाड्याची जीप, दोन कुटुंबे, तीन दिवस. सासूबाईंचे वय तेव्हा बहात्तर. गुडघे धरलेले, पण बाकी प्रकृती धडधाकट. हरिहरेश्वर पाहावे ही त्यांची लहानपणापासूनची इच्छा. त्यांच्या माहेरची कोणी आत्या तिकडे दिलेली होती. तिने सांगितलेली समुद्राकाठच्या प्रदक्षिणेची हकीकत त्यांनी आम्हाला कितीदा तरी सांगितली होती. परंतु त्यांना घ्यायचे म्हणजे दर तासाला थांबायचे, पायऱ्या हात धरून उतरवायच्या, वेळेवर मऊ भात शोधायचा. मी म्हटले, "तुम्हाला प्रवासाचा त्रास कशाला? घरीच सुखात राहाल." त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि त्या म्हणाल्या, "तुम्ही या जाऊन. मी आहे घरी. मोत्यालाही कोणी हवंच की."

मोत्या हा आमचा तेव्हाचा कुत्रा. तोही म्हाताराच होता.

आम्ही तीन दिवसांत नऊ ठिकाणे पाहिली. हरिहरेश्वराला चाळीस मिनिटे थांबलो. परत आल्यावर प्रसाद दिला, फोटो दाखवले. सासूबाईंनी प्रसाद डोळ्यांना लावला, फोटो एकेक करून पाहिले आणि विचारले, "प्रदक्षिणा केलीत का?" आम्ही केली नव्हती. देवळामागून खडकांतून जाणारी ती वाट ओहोटीच्या वेळीच चालता येते. आम्ही पोहोचलो तेव्हा समुद्राला भरती होती आणि पाणी उतरेपर्यंत थांबायला आमच्याकडे वेळ नव्हता. त्या म्हणाल्या, "असू दे." एवढेच. शेजारच्या काकूंनी मागाहून सांगितले की ते तीन दिवस त्या आणि मोत्या बराच वेळ ओट्यावर बसलेले असत. दोन वर्षांनी सासूबाई गेल्या. हरिहरेश्वर राहिले ते राहिलेच.

यात कोणी कोणावर जुलूम केला असे नाही. कोणी कोणाला टाकून बोलले नाही. उलट प्रत्येकजण दुसऱ्याच्या सुखाचीच भाषा बोलत होता. म्हणूनच ही गोष्ट मला आजवर टोचत राहिली आहे. वेळ थोडा असला म्हणजे काहीतरी गाळावे लागते, हे खरे. पण आपण काय गाळतो? अकरा ठिकाणांतले एखादे गाळताना आपला जीव तळमळतो. मग आपण ठिकाण गाळत नाही, सोबतीच गाळतो. जो सर्वांत हळू चालतो, ज्याच्यामुळे थांबावे लागते, जो तक्रार करणार नाही असा असतो, तो पहिल्यांदा यादीतून उतरतो. आणि आपल्या मनाला बरे वाटावे म्हणून आपण म्हणतो, त्याला त्रास नको.

अशा वेळी महाभारताची आठवण होणे आपल्याकडे साहजिकच आहे. या ग्रंथाची मौज अशी की त्याच्या आरंभाजवळही कुत्रा आहे आणि अखेरीजवळही. आदिपर्वात जनमेजयाच्या यज्ञाजवळ सरमेचे पिल्लू येते. त्याने हविर्द्रव्याला तोंड लावलेले नसते, त्याकडे पाहिलेलेही नसते. तरी राजाचे भाऊ त्याला मारतात आणि सरमा येऊन जाब विचारते, शाप देते. सतराव्या, म्हणजे महाप्रस्थानिक पर्वात पांडव आणि द्रौपदी अशी सहा माणसे सर्वस्व सोडून निघतात, तेव्हा हस्तिनापुरापासून एक कुत्रा त्यांच्यामागे चालू लागतो. तो सातवा. वाटेत द्रौपदी पडते. मग सहदेव, नकुल, अर्जुन आणि शेवटी भीम. युधिष्ठिर मागे वळून पाहत नाही. कुत्रा मात्र चालतच राहतो. इंद्र रथ घेऊन येतो आणि म्हणतो, कुत्र्याला स्वर्गात जागा नाही, त्याला इथेच सोड. युधिष्ठिर नकार देतो.

ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो आणि तो कुत्रा म्हणजे प्रत्यक्ष यमधर्म होता, या शेवटावर खूश होऊन पुस्तक मिटतो. पण त्याच्या आधीचा एक प्रश्न फार अवघड आहे आणि तो इंद्रानेच विचारला आहे. तू भावांना सोडलेस, द्रौपदीला सोडलेस. मग एका कुत्र्याचा एवढा मोह का? मुलांना वर्गात ही गोष्ट सांगताना मी पूर्वी हा प्रश्न वगळीत असे, कारण मला त्याचे उत्तर नीट समजले नव्हते. युधिष्ठिराचे उत्तर असे आहे की ते मेले होते. त्यांना उठवणे माझ्या हाती नव्हते. जिवंतपणी मी त्यांना सोडलेले नाही. जो जिवंत आहे आणि माझ्या भरवशावर माझ्यामागे चालतो आहे, त्याला सोडणे हे पाप मी करणार नाही.

साऱ्या प्रवासाचे अंतिम ठिकाण समोर आलेले आहे. यादीत त्याच्यापुढे दुसरे ठिकाण असूच शकत नाही. आणि हा मनुष्य दारात उभा राहून म्हणतो, सोबती येत नसेल तर मलाही यायचे नाही. जिवंतपणी सोडले नाही, हे त्याला म्हणता आले. मला म्हणता येत नाही. त्या संध्याकाळी टेबलापाशी मला हेच जाणवले आणि मी जरा कठोरपणाने म्हणाले, "ठमी येत असेल तर मी येईन."

मुलगी गप्प झाली. मग ती जे बोलली तेही इथे लिहिले पाहिजे, कारण त्यातही न्याय होता. ती म्हणाली, "आई, तुला आजीचं वाईट वाटतंय ते मला कळतं. पण आजीचं देणं तू माझ्या रजेतून फेडतेस. मला चार दिवस मिळालेत. पुढचे कधी मिळतील ते मला माहीत नाही."

मला उत्तर सुचले नाही. थोडा वेळ हा ठमीपाशीच नव्हता, तिच्यापाशीही थोडाच होता. आपल्या पश्चात्तापाचा खर्च दुसऱ्याच्या नावावर मांडणे ही काही नीती नव्हे. शिवाय कुत्र्याला बरोबर नेणे म्हणजे आपोआप पुण्य, असेही नाही. ठमीला घेऊन अकरा ठिकाणे करायची ठरवली तर काय होईल? प्रत्येक ठिकाणी तिला मोटारीत कोंडून आपण पाहायला जाणार. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो जिभेवाटे धापा टाकूनच अंगातली उष्णता कमी करतो. उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीत तासाभरात वीसएक अंशांनी तापमान चढते, आणि त्यातले बरेचसे पहिल्या अर्ध्या तासातच. काच बोटभर उघडी ठेवल्याने फारसा फरक पडत नाही. अशा मोटारीत कोंडण्यापेक्षा ओळखीच्या ओट्यावर भाकरी खाऊन पडणे शंभर पटींनी बरे. आजारी, भित्र्या किंवा फार थकलेल्या जनावराला घरी ठेवणे हीच माया होय, हेही मी कबूल करते.

मग भेद कशाने करायचा? मला वाटते, एका साध्या प्रश्नाने. ज्याच्या सुखासाठी म्हणून आपण त्याला मागे ठेवतो, त्याचे सुख आपण खरोखर पाहिले आहे, की आपली यादी वाचवली आहे? ठमीला न्यावे की नाही, हा खरा प्रश्नच नव्हता. यादी बदलायची तयारी आहे की नाही, हा खरा प्रश्न होता. यादी तीच ठेवून तिला नेणे ही क्रूरता. यादी तीच राहावी म्हणून तिला ठेवणे ही सोय.

आपल्याकडच्या जुन्या प्रवासांत ही गोष्ट न सांगता पाळली जात असे. आळंदीहून पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर. मोटारीने पाच-सहा तासांचे काम. पालखीला अठरा-वीस दिवस लागतात, कारण तिचे मुक्काम चालणाऱ्या पायांनी ठरवलेले आहेत, आणि त्या पायांत म्हातारेही असतात. तिथे सर्वांना थांबावे लागते. पण म्हणूनच साऱ्या गावाला जाता येते.

रात्री उशिरा मुलगी माझ्या खोलीत आली. तिने विचारले, "तेव्हा प्रदक्षिणा खरंच राहिली होती? मी आठ वर्षांची होते, मला वाळूत खेळलेलं तेवढं आठवतं." मी म्हटले, राहिली होती. ती काही बोलली नाही. सकाळी पाहते तो ती फोनवर एकेका घरगुती खाणावळवाल्याला विचारत होती, "राहायला जागा आहे का? बरोबर कुत्री आहे, चालेल का?" सहा ठिकाणी चालणार नव्हती. सातव्या ठिकाणच्या मावशी म्हणाल्या, "आमच्या कोंबड्यांच्या मागं लागणार नसेल तर आणा." नव्या यादीत दोनच नावे उरली होती, हरिहरेश्वर आणि वेळास. मुळशी आणि ताम्हिणी वाटेवरच असल्यामुळे फुकट मिळाली.

भाऊबीज झाल्यावर दुसऱ्या दिवशी निघालो. नकाशाने सांगितलेल्या वेळेपेक्षा आम्हाला पुष्कळ अधिक वेळ लागला. ठमीसाठी मुळशीच्या जलाशयाकाठी थांबलो. एरवी तिथून मोटार भरधाव निघून जाते. त्या दिवशी पाण्याकडे पाहत उभे राहिलो तेव्हा 1921 साली याच खोऱ्यातल्या शेतकऱ्यांनी धरणाविरुद्ध सत्याग्रह केला होता, सेनापती बापट त्यांचे पुढारी होते, हे मी मुलीला सांगितले. पाण्याखाली माणसांची शेते आहेत, हे ऐकून ती बराच वेळ पाहत राहिली. घाटात पुन्हा एकदा थांबलो. ठमी गवताचे एकेक पाते हुंगत होती. कुत्र्याच्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी वीस कोटींहून अधिक असतात म्हणतात आणि आपल्या नाकात पन्नास-साठ लाख. देखावा पाहायला आम्ही आलो होतो. पण त्या हातभर गवतात तिला जेवढे सापडले, तेवढे आम्हाला सबंध दरीत सापडले असेल की नाही कोण जाणे.

हरिहरेश्वराला पोहोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते आणि समुद्र भरून आला होता. अगदी चौदा वर्षांपूर्वीसारखाच. या वेळी आम्ही थांबलो. भरतीनंतर सव्वासहा तासांनी ओहोटी, म्हणजे अंधार पडल्यावर. त्यानंतरची सोयीची ओहोटी दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या सुमारास. तेवढा वेळ समुद्राला द्यायचाच होता. संध्याकाळी देवळात गेलो. इथे आधी काळभैरवाचे दर्शन, मग हरिहरेश्वराचे आणि पुन्हा काळभैरवाचे, असा रिवाज आहे. भैरवाचे वाहन कुत्रा. हे ठमीला धरून बाहेर उभे होते, मी बाहेर येताच म्हणाले, "हिचा मालक आत बसलाय आणि ही दारात."

सकाळी पाणी उतरले. पायऱ्या उभ्या, पुढचे खडक निसरडे. ठमीला तिकडे नेणे शक्य नव्हते. आता? माझ्या मनात पुन्हा तोच प्रश्न, मागे कोणी राहायचे? हे म्हणाले, "तुम्ही दोघी या जाऊन. मी आहे इथे. तुम्ही आलात की मी जातो." किती साधे वाक्य! सासूबाईंचेच वाक्य, पण त्याला एक शेपूट जोडलेले. त्या शेपटाने सारा अर्थ पालटला. मागे राहणे वाईट नाही. नेहमी एकानेच मागे राहणे वाईट. पाळीपाळीने राहिले तर त्याला कोणी मागे राहणे म्हणतच नाही. त्याला सोबत म्हणतात.

लाटांनी कोरलेल्या त्या खडकांतून मुलगी आणि मी हळूहळू प्रदक्षिणा केली. परत आल्यावर हे गेले. त्यांना यायला बराच वेळ लागला. आले, ठमीची साखळी माझ्या हातातून घेतली आणि समुद्राकडे पाहत म्हणाले, "हात धरून नेलं असतं, तर आईला जमलं असतं. वेळ लागला असता, पण जमलं असतं."

त्यावर आम्ही कोणी काही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी बागमांडल्याच्या धक्क्यावर बोटीचा लोखंडी उतार पाहून ठमी बिचकली, आणि तिची समजूत घालेपर्यंत बोट सुटली. पुढच्या बोटीची वाट पाहत आम्ही सावित्रीच्या पाण्याकाठी बसलो. त्या बसण्यात मुलीने आपल्या नोकरीविषयी, तिथल्या एकटेपणाविषयी जे सांगितले ते वर्षभरात फोनवर कधी सांगितले नव्हते. अकरा ठिकाणांच्या यादीत या गोष्टीला जागा नव्हती. पलीकडे वेळास. या किनाऱ्यावर साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवे अंडी घालायला येतात. 2002 पासून गावकऱ्यांनी आणि चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने ती अंडी राखायला सुरुवात केली. अंडी उकरणाऱ्यांत कोल्हे असतात, माणसे असतात आणि कुत्रीही असतात. तेव्हा ठमीला वाळूवर मोकळे सोडले नाही. साखळीला धरून तिला वाडीतल्या पोफळींच्या सावलीतून फिरवले. आपल्या सोबत्याची माया करायची म्हणजे दुसऱ्याच्या पिलांवर त्याला सोडायचे नव्हे.

परत आल्यावर शेजारच्या काकूंनी विचारले, "काय काय पाहिलंत?" मी सांगितले, हरिहरेश्वर आणि वेळास. "चार दिवसांत एवढंच?" मी म्हटले, "हो, एवढंच. पण सगळ्यांनी पाहिलं."

हा अंक तुमच्या हाती येईल तेव्हा तुमच्याही घरी कुठेतरी जाण्याचे बेत चालले असतील. नकाशा पसरलेला असेल, दिवस थोडे असतील. अशा वेळी घरातले कोणीतरी, बहुधा हळू चालणारे, सोप्यातून किंवा स्वयंपाकघरातून म्हणेल, "तुम्ही या जाऊन. मी आहे घरी." ज्याला बोलता येत नाही ते टेबलाखालून नुसते पाहील. त्यांचे म्हणणे कदाचित खरेही असेल. पण ते लगेच मान्य करू नका. आधी यादीतली चार नावे खोडून पाहा, आणि मग पुन्हा एकदा विचारा.